समुद्रातल्या पवनचक्कीला पाती किती?

1991 साली डेन्मार्कमध्ये विंडेबी गावाजवळच्या उथळ समुद्रात अकरा पवनचक्क्या उभ्या राहिल्या. प्रत्येकीची क्षमता 450 किलोवॉट आणि प्रत्येकीला तीन पाती. जगातले हे पहिले सागरी पवनक्षेत्र. तीनच वर्षांनी, 1994 मध्ये, हॉलंडमधल्या आयसेलमीरच्या पाण्यात लेली येथे चार यंत्रे बसली. ती 500 किलोवॉटची होती आणि त्यांना दोनच पाती होती. दोन्ही ठिकाणची यंत्रे वीस वर्षांहून जास्त टिकली. लेलीची 2016 मध्ये काढली, विंडेबीची 2017 मध्ये. मधल्या काळात जगभरच्या समुद्रांत हजारो पवनचक्क्या आल्या. त्यांतली दोन पात्यांची यंत्रे अगदी बोटांवर मोजण्याइतकीच.

वारा तोच आणि भौतिकशास्त्रही तेच असताना एक उत्तर सगळीकडे पसरले आणि दुसरे अडगळीत गेले. समुद्रात तर दोन पात्यांची बाजू जमिनीपेक्षा अधिक भक्कम असायला हवी होती. तिथे आवाजाची तक्रार करायला शेजारी नाही, डोळ्यांना खटकते म्हणणारे गाव नाही, आणि उचलून बसवायची प्रत्येक जड वस्तू खर्च वाढवते. मग एक पाते वाचवण्याचा मोह कुणाला टिकवता का आला नाही? या प्रश्नाचे उत्तर वाऱ्यापेक्षा पोलादात, पायात आणि इतिहासात जास्त सापडते.

आधी वाऱ्याचे पाहू, कारण गैरसमज तिथूनच सुरू होतात. पाती जास्त तर वारा जास्त पकडला जाणार, असे सहज वाटते. शेतातल्या विहिरीवरच्या जुन्या पाणीउपशाच्या पवनचक्कीला पत्र्याची पंधरा-वीस पाती असत आणि ती तिथे योग्यच होती, कारण पंपाला संथ पण जोरकस पीळ लागतो. विजेच्या जनित्राला वेग हवा असतो. पाते वेगाने फिरले की दोनतीन पातीसुद्धा संपूर्ण वर्तुळातल्या वाऱ्यावर अंमल बसवतात. वाऱ्यातली जास्तीत जास्त 59.3 टक्के ऊर्जाच काढून घेता येते, ही मर्यादा जर्मन शास्त्रज्ञ आल्बर्ट बेट्झ यांनी शंभर वर्षांपूर्वी मांडली, आणि तिच्यात पात्यांच्या संख्येचा उल्लेखच नाही. संख्येचा फरक पडतो तो पात्यांच्या टोकांशी होणाऱ्या गळतीमुळे, आणि तोही लवकर आटत जातो. एकाची दोन पाती केली तर उत्पन्न सहा टक्क्यांच्या आसपास वाढते, दोनाची तीन केली तर आणखी तीनेक टक्के. चौथ्या पात्याने जेमतेम एक टक्का पदरात पडतो. म्हणून चार पात्यांचा विचार वीज करणाऱ्यांनी केव्हाच सोडून दिला.

तिसऱ्या पात्याचे मोल म्हणजे हे तीन टक्के, असे मानून चालले तर गणित दोन पात्यांकडेच झुकते. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या पवनऊर्जा सहकार्यातून 2020 मध्ये 15 मेगावॉटच्या सागरी पवनचक्कीचा एक संदर्भ-आराखडा प्रसिद्ध झाला. अभ्यासकांनी एकाच यंत्रावर बोलावे म्हणून तो सर्वांसाठी खुला आहे. त्यातल्या पंख्याचा व्यास 240 मीटर, एक पाते 117 मीटर लांब आणि सुमारे 65 टन वजनाचे. या पंख्याचे एक पाते काढले आणि गेलेले तीन टक्के परत मिळवायचे ठरवले, तर उरलेली दोन पाती पावणेदोन मीटरने लांबवली की पुरते, कारण पकडलेली ऊर्जा वर्तुळाच्या क्षेत्रफळाप्रमाणे वाढते. 65 टनांच्या बदल्यात पावणेदोन मीटर! पहिल्यांदा हे गणित मांडणाऱ्या प्रत्येक अभियंत्याला दोन पात्यांचा मोह का पडला, हे इथे कळते.

मोह पडलेल्यांची यादीही मोठी आहे. अमेरिकेत व्हर्माँट राज्यातल्या ग्रँडपाज नॉब टेकडीवर 1941 मध्ये पामर पुटनम यांनी जगातली पहिली मेगावॉट-क्षमतेची पवनचक्की उभारली. क्षमता 1.25 मेगावॉट, पंखा 53 मीटरचा, पाती दोन, पोलादी. 26 मार्च 1945 रोजी तिचे एक पाते बुंध्याशी तुटून दूर फेकले गेले. तिथला कच्चा दुवा आधीच लक्षात आला होता, पण युद्धकाळात दुरुस्तीचे साहित्य मिळत नव्हते. जर्मनीत उलरिश ह्युटर यांनी 1950 च्या दशकाच्या अखेरीस 34 मीटरचा दोन पात्यांचा पंखा काचतंतूंच्या पात्यांनी बनवला. तो इतका हलका आणि देखणा होता की पुढच्या पिढीने त्याच्याकडे आदर्श म्हणून पाहिले. 1973 च्या तेलसंकटानंतर नासाने हाती घेतलेल्या मॉड मालिकेतली मोठी यंत्रे, हवाई बेटांवरच्या 3.2 मेगावॉटच्या यंत्रापर्यंत, दोन पात्यांचीच होती. त्यांतली बरीच बांधली ती विमाने आणि हेलिकॉप्टर बनवणाऱ्या लोकांनी. जर्मनीने 1983 मध्ये ग्रोविआन नावाचे 3 मेगावॉटचे आणि 100 मीटर व्यासाचे अजस्र यंत्र उभारले. तेही दोन पात्यांचे. ते जेमतेम 420 तास चालले, हबमध्ये भेगा पडल्या आणि काही वर्षांत मोडीत निघाले. एका पात्याचाही प्रयोग झाला. मोनोप्टेरोस नावाची, दुसऱ्या बाजूला वजन लावलेली 640 किलोवॉटची यंत्रे 1989 च्या सुमारास विल्हेल्म्सहाफेनजवळ फिरत होती. त्यांचा पुढे वंश वाढला नाही.

डेन्मार्कमध्ये वेगळेच चालले होते. आस्कोव्हच्या लोकशाळेत शिकवणारे पोल ला कूर यांनी 1891 पासून पवनचक्कीवर वीज करण्याचे प्रयोग केले. त्यांच्याकडे 1904 मध्ये शिकलेल्या योहानेस यूल यांनी उतारवयात, 1957 मध्ये, गेड्सर इथे 200 किलोवॉटची तीन पात्यांची पवनचक्की बांधली. ती दहा वर्षे मोठ्या दुरुस्तीविना चालली. तेलसंकटानंतर ती पुन्हा सुरू करून तिच्यावर मोजमापे घेण्यात आली, आणि त्यात अमेरिकेलाच मोठा रस होता. दोन पात्यांवर पैसा लावणारा देश तीन पात्यांच्या जुन्या यंत्राचे गुपित मोजायला आला, ही गोष्ट मला या साऱ्या इतिहासात सर्वांत बोलकी वाटते. पुढे सुतार, लोहार, शेतीची अवजारे करणारे कारखानदार यांनी गेड्सरचा नमुना उचलला. हेन्रिक स्टिसडाल या तरुणाने एका लोहाराच्या साथीने केलेले यंत्र 1979 मध्ये व्हेस्टास या कंपनीने उत्पादनात घेतले. विंडेबीला तीन पाती आली ती या वाटेने. समुद्रासाठी मुद्दाम कुणी त्यांची निवड केली नव्हती. जमिनीवर जे टिकले होते, तेच पाण्यात उतरवले गेले.

मात्र तीन पात्यांचा विजय म्हणजे निव्वळ डॅनिश योगायोग, हे काही लेखकांचे म्हणणे मला पटत नाही. त्यामागे यंत्रशास्त्राचे ठोस कारण आहे, आणि ते घरच्या घरी अनुभवता येते. एक लांब काठी मधोमध धरा, ती आडवी ठेवून स्वतःभोवती पटकन वळा. काठी विरोध करते. आता तीच उभी धरून वळा. काहीच जड जात नाही. दोन पात्यांचा पंखा म्हणजे ही काठी. वाऱ्याची दिशा बदलली की मनोऱ्याचा माथा वळवावा लागतो, आणि त्या वेळी पंखा प्रत्येक फेरीत दोनदा जड आणि दोनदा हलका होतो. वळवणाऱ्या यंत्रणेला, दंडाला, मनोऱ्याला तेवढे हिसके बसतात. तीन पाती असली की पंखा कुठल्याही क्षणी सर्व बाजूंनी सारखाच जड असतो. त्यात वारा वर जोरात आणि खाली मंद. दोनपाती पंखा उभा असताना एक पाते सर्वांत जोराच्या वाऱ्यात असते, तर दुसरे मनोऱ्यासमोरच्या अडलेल्या हवेत. हे एकाच क्षणी घडते.

यावर जुना उपाय आहे: पंखा दंडाला घट्ट न बांधता बिजागरीवर बसवायचा, म्हणजे तो तराजूच्या दांडीसारखा डुलू शकतो आणि हिसके खाली पोचत नाहीत. ह्युटर यांनी तेच केले होते. पण डुलणारी दांडी वादळात किंवा अचानक थांबवताना आपल्या टोकाच्या अटकावावर आदळते, आणि बिजागरी झिजते. जमिनीवर झिजलेली बिजागरी बदलायला क्रेन येते. समुद्रात त्यासाठी पाय टेकवून उभे राहणारे जहाज भाड्याने आणावे लागते आणि शांत समुद्राची वाट पाहावी लागते. तिसरे पाते वाचवले, पण त्याच्या जागी देखभाल करावी लागणारा एक हलता सांधा आला. भार नाहीसा झाला नाही, फक्त जागा बदलून बसला.

समुद्राची खरी हरकत याहून खोल आहे आणि तिची चर्चा मराठीतच काय, इंग्रजीतल्या लोकप्रिय लेखनातही क्वचित होते. ती आहे डोलण्याच्या लयीची. प्रत्येक मनोऱ्याला, त्याच्या पायासकट, स्वतःची एक लय असते. पंख्याची फेरी किंवा मनोऱ्यासमोरून जाणारे पाते त्याच लयीत टोले देऊ लागले, तर झोका देताना जसा तो वाढत जातो तसे डोलणे वाढते. वर सांगितलेल्या 15 मेगावॉटच्या आराखड्यात पंखा मिनिटाला 5 ते साडेसात फेऱ्या घेतो. म्हणजे फेरीला लागतात 12 ते 8 सेकंद, आणि तीन पाती असल्यामुळे मनोऱ्यासमोरून दर 4 ते पावणेतीन सेकंदांनी एक पाते जाते. मनोऱ्याची स्वतःची लय 4 आणि 8 सेकंदांच्या मधल्या पट्टीत बसवली की दोन्ही टोल्यांपासून सुटका होते.

आता दोन पाती करा. पात्यांची रुंदी तीच ठेवायची तर वाऱ्यावर तितकाच अंमल बसवायला वेग सुमारे 22 टक्के वाढवावा लागतो. फेरीला जवळपास 10 ते साडेसहा सेकंद लागतात आणि पाते समोरून जाते ते दर 4.9 ते 3.3 सेकंदांनी. मोकळी पट्टी उरते 4.9 ते साडेसहा सेकंद. चार सेकंदांची जागा दीड सेकंदावर आली, आणि नेमक्या याच पट्टीत समुद्राच्या नेहमीच्या लाटाही येतात. वर्षानुवर्षे लाटांनी आणि भरती-ओहोटीने पायाभोवतीची वाळू धुपते, माती सैल होते, त्याबरोबर मनोऱ्याची लयही सरकते. चार सेकंदांच्या पट्टीत ती सरकली तरी चालते. दीड सेकंदाच्या पट्टीत तशी मोकळीक नाही. मनोरा अधिक ताठ करून हे टाळता येते, पण ताठपणा म्हणजे पोलाद, आणि मग वाचलेले 65 टन पाण्याखाली परत द्यावे लागतात.

वाढलेल्या वेगाची दुसरी बाजू मात्र मोलाची आहे आणि दोन पात्यांच्या समर्थकांचा सर्वांत भक्कम मुद्दा तोच आहे. तेवढीच वीज जास्त वेगाने काढली तर दंडावरचा पीळ कमी होतो. या आराखड्यात तो सुमारे 2 कोटी न्यूटन-मीटर आहे. 22 टक्के वेग वाढला तर तो सुमारे 1.6 कोटींवर येतो. गिअरबॉक्स असेल तर तो हलका होतो. गिअरबॉक्स नसलेल्या यंत्रात जनित्राला लागणारी चुंबके कमी होतात. ही चुंबके निओडिमियमसारख्या दुर्मीळ मृदा धातूंची असतात आणि त्यांच्या शुद्धीकरणावर आज चीनची जवळजवळ मक्तेदारी आहे.

पण वेगाची किंमत पात्याची धार मोजते. आजच्या मोठ्या सागरी यंत्रांत पात्याचे टोक सेकंदाला 95 मीटर, म्हणजे ताशी 340 किलोमीटरच्या पुढे धावते. 22 टक्के वाढवले तर ते ताशी 415 किलोमीटर ओलांडते. त्या वेगात पावसाचा थेंब गोट्यासारखा लागतो, आणि झीज वेगाच्या प्रमाणात न वाढता त्याहून कितीतरी झपाट्याने वाढते. डेन्मार्कच्या ॲनहोल्ट पवनक्षेत्रात, सुरू होऊन पाचच वर्षे झाली असताना, 2018 मध्ये धार खरवडलेली पाती दुरुस्तीसाठी किनाऱ्यावर आणावी लागली. तीही तीन पात्यांच्या यंत्रांची.

बसवण्याच्या सोयीबद्दल थोडक्यातच सांगतो, कारण तो मुद्दा आता मागे पडत चालला आहे. दोन पात्यांचा पंखा बंदरातच जोडून जहाजावर आडवा ठेवता येतो आणि एकाच उचलीत चढवता येतो. वीस वर्षांपूर्वी हा मोठा फायदा होता. आता एकेक पाते थेट उंचीवर नेऊन बसवण्याची पद्धत रुळली आहे.

दोन पात्यांवर विश्वास ठेवणारे लोक मात्र संपले नाहीत, आणि त्यांचा हट्ट मला आदरणीय वाटतो. हॉलंडच्या टू-बी एनर्जीने 2015 मध्ये एम्सहाफेनला 6 मेगावॉटचे यंत्र उभारले. त्यात पंखा मनोऱ्याच्या पाठीमागे ठेवला होता आणि मनोरा विजेच्या खांबासारखा जाळीचा होता. जर्मनीच्या एरोडिन या आरेखन-संस्थेने चीनच्या मिंगयांगसाठी 6.5 मेगावॉटचे दोन पात्यांचे यंत्र तयार केले. त्यामागे टायफूनचा विचार होता. वादळ आले की दोन पाती आडवी करून ठेवायची, म्हणजे एकही पाते उंच वाऱ्यात उभे राहत नाही. तीन पात्यांत असे एक तरी पाते उंचावर राहतेच. एरोडिनचेच 3 मेगावॉटचे दोनपाती यंत्र 2019 पासून जपानच्या किताक्युशूजवळ तरंगत्या पायावर चालवण्यात आले. अमेरिकेत व्हर्जिनिया विद्यापीठाच्या पुढाकाराने, माडाप्रमाणे वाऱ्याबरोबर झुकणाऱ्या पात्यांचा, 50 मेगावॉटपर्यंत जाण्याची आकांक्षा असलेला आराखडा अभ्यासला गेला. त्याची छोटी प्रतिकृती दोन पात्यांची होती.

आणि तरीही 2024 मध्ये मिंगयांगने एकाच तरंगत्या पायावर दोन पंखे असलेले ओशनएक्स हे 16.6 मेगावॉटचे यंत्र समुद्रात नेले, तेव्हा त्याच्या दोन्ही पंख्यांना तीन-तीन पाती होती. ज्या वाटेवर दोन पात्यांचे स्वप्न सर्वांत पुढे गेले होते, तिथेही शेवटी तीनवर बोट ठेवले गेले. कारण उघड आहे. बँक, विमा, प्रमाणपत्र देणारी संस्था, साचे, जहाजे, तंत्रज्ञांचे हात हे सगळे तीन पात्यांवर तयार झाले आहेत. वर्षानुवर्षे हजारो यंत्रांवर जमलेली मोजमापेही तीन पात्यांचीच आहेत. दोन पात्यांचे कागदावरचे गणित पाच टक्क्यांनी स्वस्त निघाले, तरी त्यामागे तेवढा अनुभव नसल्याने कर्जाचा दर चढतो आणि ते पाच टक्के व्याजातच जातात.

या चर्चेशी महाराष्ट्राचा संबंध साताऱ्याच्या चाळकेवाडीच्या पठारावरून दिसणाऱ्या तीन पात्यांपुरता नाही. पुण्याच्या सुझलॉनने 2007 मध्ये जर्मनीच्या रीपॉवरवर ताबा मिळवला. रीपॉवरचे 5 मेगावॉटचे, 126 मीटर पंख्याचे यंत्र त्याच सुमारास स्कॉटलंडजवळ 45 मीटर खोल पाण्यात आणि पुढे बेल्जियमच्या समुद्रात बसले. ही कंपनी 2015 मध्ये विकली गेली आणि सागरी यंत्रांचे ते ज्ञान पुण्याच्या हातून गेले. ती हानी मोठी होती, असे माझे मत आहे, कारण आता भारतालाच असे निर्णय घ्यायचे आहेत. 2015 मध्ये सागरी पवनऊर्जेचे धोरण आले, 2017 मध्ये खंबातच्या आखातात वारा मोजणारे यंत्र बसले, जून 2024 मध्ये गुजरात आणि तमिळनाडूच्या प्रत्येकी 500 मेगावॉटसाठी एकूण 7,453 कोटींच्या साहाय्याला केंद्रीय मंत्रिमंडळाने मान्यता दिली. प्रत्यक्षात समुद्रात अजून एकही पाते फिरत नाही.

या दोन समुद्रांचे स्वभाव वेगळे आहेत. खंबातच्या आखाताचा तळ मऊ चिकणमातीचा, भरती प्रचंड, आणि वाऱ्याचा हंगाम तोच पावसाचा. मऊ तळामुळे मनोऱ्याची लय सरकण्याची भीती जास्त, आणि जोराच्या पावसातच पातीही जोरात फिरणार. दोन पात्यांच्या दोन्ही दुखऱ्या जागा तिथे एकत्र येतात. मे 2021 मधले तौक्ते चक्रीवादळही विसरता येणार नाही. मुंबई हायजवळ पी-305 हा तराफा त्यातच बुडाला आणि नंतर ते वादळ गुजरातच्या उनाजवळ धडकले. वादळात पाती आडवी ठेवण्याचा फायदा इथे कामाचा आहे, पण वादळ वर्षातले दोन दिवस असते आणि लय रोजची. तमिळनाडूच्या मन्नारच्या आखातात मात्र वेगळे चित्र आहे. तिथे जून ते सप्टेंबर वारा भन्नाट असतो आणि आकाश बरेचसे कोरडे, कारण पाऊस येतो तो ऑक्टोबरनंतरच्या ईशान्य मोसमी वाऱ्यांबरोबर. वेगवान पात्याची धार पावसाने झिजण्याचे भय तिथे निम्म्याहून कमी व्हावे. दोन पात्यांचा प्रयोग भारतात करायचाच असेल, तर त्याची जागा तीच आहे.

म्हणून माझा कौल असा. तळाशी रोवलेल्या पायावर, विशेषतः खंबातमध्ये, तीन पातीच लावावीत. तिथे नवे धाडस करण्याचे कारण नाही. तरंगत्या पायावर मनोऱ्याच्या लयीचे गणितच बदलते आणि वरचे वजन कमी होणे खरोखर मोलाचे ठरते, तिथे दोन पात्यांचा प्रश्न अजून मिटलेला नाही. चेन्नईच्या राष्ट्रीय पवनऊर्जा संस्थेने मन्नारच्या किनाऱ्यावर, अगदी जमिनीवर का होईना, एक मध्यम आकाराचे दोनपाती यंत्र उभारावे, त्याच्याशेजारी तेवढेच तीन पात्यांचे उभे करावे, आणि दोन्हींची पाच वर्षांची मोजमापे दर महिन्याला सर्वांसाठी खुली ठेवावीत. गेड्सरने डेन्मार्कला जे दिले ते अशाच मोजमापांनी दिले, आणि त्या यंत्राची क्षमता फक्त 200 किलोवॉट होती.